पलंग कुणी केला

पेणला मरियमखालाकडे शिकायला राहिले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला जमिनीपासून इतक्या उंचावर झोपायला मिळालं. आमचं घर कासूच्या पलीकडच्या गावात. तिथे आम्ही सगळी भावंडं चटईवर ओळीने पडायचो. मरियमखाला ही माझ्या आईची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, शिवणकाम करून ती एकटी राहायची आणि तिच्या घरात नानांचा पलंग होता. नाना म्हणजे आईचे वडील. ते धरमतरच्या खाडीत गलबतं बांधायचे, आणि मोडीत निघालेल्या एका गलबताच्या सागवानातून त्यांनी हा पलंग केला होता. चार खांब माझ्या डोक्याच्या वर जायचे, खांबांवर मच्छरदाणीची चौकट, आणि उशाकडच्या रुंद फळीवर पानाफुलांची एक वेल कोरलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्ख्या पलंगात एक खिळा नव्हता. खाला हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. कापड टाकायला आलेल्या बाईला आधी पलंगाखाली वाकून बघायला लावायची, मग तिचं माप घ्यायची. आई त्याच पलंगावर जन्मली, मामू जन्मले, नाना त्याच्यावरच गेले. दर शुक्रवारी खाला खोबरेल तेलाचं फडकं घेऊन तो पुसायची, आणि तिच्या हाताखाली पुसणारी मी खांबाच्या खाचेत बोट घालून तेल पोचवायला शिकले.

घर रस्त्याला लागून होतं. पहाटेपासून गाड्यांचे हॉर्न, मागून खालाच्या मशीनची खडखड, आणि स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, हे तिन्ही एकत्र ऐकत मी जागी व्हायची. सकाळी भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी, दुपारी वालाचं बिरडं, आणि कुणी पाहुणे येणार असले तरच सांदणं. खाला फार बोलायची नाही. माझा अभ्यास तिला कळत नव्हता, पण मी वाचताना ती मशीन थांबवून हाताने काजं करत बसायची, हे पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आलं.

मी अकरावीत होते तेव्हा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आमच्या बाजूची घरं जाणार असं कळलं. आज त्या रस्त्याने जाताना आमचं घर नेमकं कुठे होतं ते मला दाखवता येत नाही. रस्त्याच्या मधोमध लावलेल्या कण्हेरीच्या झाडांच्या आसपास कुठेतरी असावं. खालाला दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या मिळाल्या. सामान हलवायला मामू दहा दिवसांची रजा काढून कुवेतहून आले. मामू वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. त्यांच्या पैशांवर माझी फी जात होती. पण दहापैकी सात दिवस कागदपत्रांतच संपले, शुक्रवारी घर पाडायला माणसं येणार होती आणि शनिवारी मामूंचं विमान होतं. बुधवारी त्यांनी टेप घेऊन नव्या जागेचा जिना मोजला, परत येऊन पलंग मोजला आणि टेप गुंडाळत म्हणाले, "हा वर जात नाय."

"सुटा करून न्यायचा," खाला म्हणाली.

"सुटा कसा करनार? खिळा नाय, स्क्रू नाय. बाबांनी कसा जोडला ते बाबांनाच ठाव. मी दोन सुतार आणून दाखवले. दोघंबी म्हणतात, कापायला लागेल. खांब खालून कापायचे, वर नेऊन लोखंडी पट्ट्या मारायच्या. दिसनारबी नाय."

"नको."

"मग काय रस्त्यावर टाकू? आपा, माझ्याकडं दोन दिवस हायेत."

खाला उठली, हातमशीन उचललं, पलंगावर ठेवलं, स्वतः वर चढून मांडी घालून बसली आणि एका पोराच्या सदऱ्याची अर्धी राहिलेली बाही शिवायला लागली. त्या दिवशी ती जेवली पलंगावर, नमाज पढली पलंगावर. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूसाठी, उतरायची तेव्हा मला वर बसवायची आणि म्हणायची, "मी येईपर्यंत हलू नको." मामू दारातून बघायचे आणि निघून जायचे. भाऊबहीण एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते माझ्याकडून निरोपाने. "तुझ्या मामूंना सांग चहा झालाय." "तुझ्या खालाला सांग उद्या दुपारी जोहरच्या नमाजनंतर सुतार येतोय."

हा निरोप मी दिला तेव्हा खालाने मशीनचं चाक हाताने थांबवलं. थोडा वेळ ती उशाकडच्या वेलीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबांच्या जोडीला रोह्याचा गोविंद मेस्त्री असायचा. असला जिवंत तर त्याला ठाव असेल."

"मग बोलवा ना त्यांना."

"तो आपल्याकडं यायचा बंद झाला. तू जा. मी इथनं उठले तर हे कापतील."

मी तोपर्यंत एकटी कधी आगगाडीत बसले नव्हते. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघाले. कासू गेलं, आमच्या गावाकडची वाट खिडकीतून दिसली आणि उतरून आईकडे पळावं असं वाटलं. मग नागोठणं, मग रोहे. नदीच्या बाजूला विचारत विचारत मेस्त्रींचं घर सापडलं. ओटीवर एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिलाय असा. अर्धांगाच्या झटक्याने तो गेला होता. बाजूला सून भिजवलेले वाल सोलत होती. मी नानांचं नाव घेतलं तशी तिने वर बघितलं. म्हाताऱ्याने बघितलं नाही.

मी सगळं सांगितलं. जिना, शुक्रवार, करवत.

"लावू दे करवत," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगायला लागले.

"ऐकलं. तुझ्या नान्यानं केलेला पलंग हाय ना? मग त्याच्याच घरात विचार कसा सुटतो. मला कशाला?" थोडं थांबून ते म्हणाले, "चार महिने, पोरी. अख्खा पावसाळा. गलबतं वर काढलेली, दुसरं काम नव्हतं. दोघं समोरासमोर बसून केला आमी तो. पुरा झाला त्या दिवशी अलिबागचा एक शेठ बघायला आला. म्हनाला, काय हात हाय, कोनी केला? तुझा नाना म्हनाला, मी. मी तिथंच उभा होतो, हातात चहाची बशी. मला वाटलं आता बोलंल, मंग बोलंल. नाय बोलला. मी बशी खाली ठेवली नि निघून आलो. मंग नाय गेलो. मेला तवाबी नाय गेलो."

सून म्हणाली, "आबा, ही पोर लांबनं आलीय." मला रडू यायला लागलं होतं, पण त्याहून जास्त मला घड्याळ दिसत होतं, आत भिंतीवरचं. साडेअकराला परतीची गाडी होती.

मग त्यांनीच विचारलं, "कुठनं कापनार हायेत?"

मी ओटीच्या खांबाजवळ गेले आणि हाताने दाखवलं, जमिनीपासून वीतभर वर.

"तिथं?" ते पुढे वाकले. "आगं तिथं कुसू हाय. आडवं लाकूड खांबाच्या पोटात शिरतं ते तिथं. तिथं कापलं तर उरलं काय मंग?" ते पुटपुटत राहिले, अडाणी, अडाणी सगळे. मग सुनेला म्हणाले, "सदरा दे गो माझा." पायऱ्या उतरताना ते माझ्या खांद्यावर टेकले आणि थांबले. "एक ऐक. मी तिथं काय बोलनार नाय. माझ्या तोंडानं सांगून काय उपेग? पन तुझ्या खालेला तू सांगशील, कोनी केला ते?"

"सांगेन," मी म्हणाले. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

गाडी नागोठण्याला थांबली ती हलेना. समोरून मालगाडी यायची होती. मेस्त्री डोळे मिटून बसले होते, मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते. जोहरची वेळ झाली आणि गेली. पेणला उतरल्यावर मी रिक्षा केली. तीही माझ्या आयुष्यातली पहिलीच. घराजवळ आलो तर मशीनचा आवाज येत नव्हता.

खाला पलंगावर होती. दोन्ही हातांनी तिने उशाकडचा खांब धरला होता आणि तिची ओढणी खांद्यावर घसरली होती, जी मी कधी घसरलेली बघितली नव्हती. बाजारातला सुतार दाराशी उकिडवा बसून बिडी ओढत होता. बाई वर बसली असताना मी हात लावणार नाही, असं तो म्हणाला होता. म्हणून करवत मामूंच्याच हातात होती, आणि पायथ्याच्या एका खांबावर अर्ध्या बोटाएवढा ताजा, पिवळा काप गेला होता. खाली भुसा पडला होता. मामूंच्या चेहऱ्यावर घाम होता. ते आमच्याकडे बघून म्हणाले, "मी थांबलो होतो. किती थांबायचं?"

मेस्त्री त्या कापाजवळ गेले. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी कापात घालून बघितला. मग मला म्हणाले, "खाली शीर." मी पलंगाखाली शिरले. ते स्टुलावर बसून सांगत होते, मी करत होते. उशाकडनं तिसरी फळी शोध. ती बाकीच्यांसारखीच दिसते, पण ती सरकते. उचलू नको, भिंतीकडं ढकल. मी ढकलली. हलली नाही. पाठ जमिनीला टेकवून पायांनी ढकलली. नाही हलली. मामू आडवे होऊन माझ्या बाजूला आले, मोगरीने ठोकून बघितलं. दणके अख्ख्या घरात घुमले, फळी तशीच.

"लाकूड फुगलंय," मेस्त्री म्हणाले. "शेगडी आना. निखारे टाका, ज्वाळ नको. फळीखाली हातभर अंतर ठेवा."

सुतार दारातून म्हणाला, "जळंल ते. तेल पिलेलं लाकूड हाय." मी शेगडी आणली. खाला वर, खाली निखारे, खोबरेलाचा वास खोलीत पसरायला लागला. मी पोटावर पडून फळीकडे बघत होते, ती काळी पडतेय का. मेस्त्री हात लांब करून मधूनमधून लाकडाला लावायचे. मग म्हणाले, "आता ठोका." मामूंनी ठोकलं. फळी करकरली, पण सरकली नाही.

मेस्त्रींनी वर बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा ते खालाशी बोलले. "बाय, तुझा भार पाचरीवर हाय. तू उतरल्याबिगर नाय सुटनार हे."

खाला हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग करवतीकडे. करवत भिंतीला टेकवलेली होती, मामूंच्या हाताच्या अंतरावर. रस्त्यावरून ट्रक जात होते. मामू उठले. गुडघ्यांना भुसा लागला होता. त्यांनी करवत उचलली, दारापर्यंत गेले आणि सुताराच्या हातात देऊन म्हणाले, "जा तू." सुतार पायऱ्या उतरून दिसेनासा होईपर्यंत ते दारातच पाठ करून उभे राहिले. तेव्हा खाला उतरली. दोन दिवस मांडी घालून तिचे पाय आखडले होते. मामूंनी येऊन तिला धरलं आणि तिने धरू दिलं.

तिसऱ्या ठोक्याला फळी सरकली. तिच्या मागे बोटाएवढी पाचर होती, ती निघाली. मग मेस्त्री सांगत गेले तसतसा पलंग उलगडत गेला. एक निघालं की दुसरं मोकळं व्हायचं. तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजाआत चार खांब, फळ्या, चौकट असं सगळं खोलीत आडवं पडलं होतं आणि एवढ्या लाकडांचा तो पलंग होता यावर विश्वास बसत नव्हता. शेजारच्या बायका जमल्या. एकजण म्हणाली, "काय कारागिरी गो, मरियम." आणि खाला, दमलेली, हसत म्हणाली, "आमच्या बाबांचा हात होता तो."

मेस्त्री तिथेच स्टुलावर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून शेगडीतली राख सारखी करायला लागले.

मामूंनी त्यांना संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "जोडायला मी लागेन. उलटं केलं म्हंजे जुडतो असा नाय तो." मला काही बोलले नाहीत.

शुक्रवारी घर गेलं, शनिवारी मामू गेले. रविवारी सकाळी नव्या जागेत भांडी लावताना मी खालाला सांगितलं. शेठ, बशी, सगळं. ती पाठमोरी होती. पुसत असलेलं पातेलं तिने फळीवर ठेवलं, दुसरं उचललं, तेही पुसून ठेवलं. मग म्हणाली, "माझा बाप मरून किती वर्षं झाली, आणि तू त्याला खोटा ठरवतेस?" त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. भाकरी वाढायची, डबा द्यायची, कपडे धुवायची, बोलायची नाही. भिंतीशी पलंगाचे तुकडे रचलेले, आणि त्यांच्या बाजूला जमिनीवर ती झोपायची. मी कॉलेजातून जिना चढताना दर पायरीला पाय जड व्हायचा. सांगितलं ते चुकलं असं मला वाटत होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं नाही ते त्याहून चुकलं असंही वाटत होतं. या वयातही मला त्या दोन्हींतलं कुठलं मोठं ते ठरवता आलेलं नाही.

तीनेक आठवडे असे गेले. एका सकाळी खाला बुरखा घालून तयार होती. "चल," म्हणाली, "रोह्याला."

गाडीत कासू गेल्यावर ती खिडकीतून बाहेर बघतच बोलली. "मी अकरा वर्षांची होते. शेठला सरबताचा पेला घेऊन मीच गेले होते. बाबा म्हणाले, मी केला. मेस्त्री बाहेर गेला ते मी बघितलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला ठाव नव्हतं असं तुला वाटलं?" ती अजून बाहेरच बघत होती. "त्यांनी ते तोंडानं कधी काढलं नाय. मग मी कशी काढनार होते? सगळ्यांना सांगत सुटले, बाबांनी केला, बाबांनी केला. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं."

मेस्त्रींच्या ओटीवर त्या दिवशी सून होती, शेजारचे दोघे पुरुष होते. खाला ओटीच्या पायरीपाशी उभी राहिली. परक्या पुरुषांसमोर ती कधी मोठ्याने बोलायची नाही, पण तेव्हा बोलली. "गोविंद मेस्त्री, आमच्या घरातला पलंग तुम्ही आणि माझ्या बाबांनी मिळून केलात. बाबांनी तुमचं नाव घ्यायला पायजे होतं. नाय घेतलं. मीबी नाय घेतलं. आता तुम्हीच येऊन जोडून द्या."

मेस्त्रींनी नदीकडे तोंड फिरवलं. शेजाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "कसला पलंग, आबा?" तेव्हा ते म्हणाले, "हाय एक. पेनला." आणि सुनेला हाक मारली.

जोडायला दोन दिवस लागले. मी आणि समोरच्या खोलीतला एक तरुण रेल्वेवाला, आम्ही दोघं त्यांचे हात झालो. शेवटची पाचर बसली तेव्हा मेस्त्रींनी खांबाला कान लावला, मला वर बसून हलायला सांगितलं, आणि आवाज येत नाही म्हटल्यावर मान हलवली. मग खालाने विचारलं, "ह्यातलं बाबांचं काय?"

मेस्त्रींनी काठी उचलली. काठीच्या टोकाने ते दाखवत गेले. हे दोन खांब त्याचे. हे दोन माझे. चौकट त्याची. सरकत्या फळीमागचं डोकं माझं, पण रंधा त्याचा. खाला शिवणाचा खडू घेऊन मागे मागे जात होती आणि बाबांच्या प्रत्येक लाकडावर बारीक रेघ ओढत होती. करवतीचा काप गेलेला खांब नानांचा निघाला. तिथे ती जरा थांबली, रेघ ओढली आणि पुढे गेली. शेवटी उशाकडची फळी राहिली, वेलीची.

"ही दोघांची," मेस्त्री म्हणाले. "तो त्या टोकानं कोरत आला, मी ह्या."

"मग कुठवर बाबांची?"

ते स्टूल पुढे ओढून बसले. डाव्या हाताची बोटं त्यांनी एका टोकाला टेकवली आणि पानावरून पानावर सरकवत नेली. मध्यावर आले, थांबले. मागे गेले, पुन्हा आले. एक फूल चाचपलं, त्याच्या बाजूची कळी चाचपली. बराच वेळ त्यांची बोटं त्या चार बोटांच्या जागेत फिरत राहिली. खाला खडू धरून उभी होती.

"नाय सापडत," ते शेवटी म्हणाले. "इथंच कुठंतरी मिळालो आमी. पन त्याचं कुठं सपलं नि माझं कुठं चालू झालं, ते मला नाय सांगता येत."

खालाने खडू खिशात टाकला. मग मोरीवर जाऊन फडकं ओलं करून आणलं, आणि पहिल्या खांबापासून सुरुवात करून तिने ओढलेल्या सगळ्या रेघा एकेक करून पुसून टाकल्या.